कीपॅड हलवल्यावर अलार्म बिघडला? आधी जुन्या जागेचा डबा उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात वायरवर चालणारा बर्गलर अलार्म आहे. मुख्य दाराशेजारचा कीपॅड तुम्ही काढून आतल्या भिंतीवर बसवलात आणि वायर पुरेना म्हणून जुन्या वायरला सुमारे १० मीटर नवी वायर जोडलीत. आता कीपॅडला लाइट येतो, पण दार बंद असतानाही मुख्य दाराचा झोन (अलार्म वेगळा ओळखतो तो पहाऱ्याचा भाग) 'ओपन' दिसतो. मधूनच कळा दाबल्या तरी काही होत नाही. आणि दर थोड्या सेकंदांनी तो बीप करत राहतो. कीपॅड गेला असं समजून नवा मागवू का, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात मागवू नका. मी वीसेक वर्षं अलार्म बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतोय. भिंतीवरून अलगद उतरवलेला, आदल्या दिवसापर्यंत चालणारा कीपॅड नेमका त्याच दिवशी आतून बिघडला, असं मी फार क्वचित पाहिलंय. हलवण्याच्या कामात खरे बदल दोनच झाले: वायरला एक नवा जोड आला आणि जुन्या जागी भिंतीत असलेल्या वायरींच्या डब्यातलं काहीतरी सुटलं. शोध तिथूनच सुरू करायचा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. माझ्या अंदाजाने दाराच्या झोनचं कारण वेगळं आहे, कळांचं वेगळं आणि बीपचं तिसरंच. एकाच कारणाने तिन्ही सुटतील या आशेवर माणूस दिवसभर गोल गोल फिरत राहतो. एकेक तक्रार हातात घेतली की काम सोपं होतं.

तुमचं पॅनल (अलार्मच्या सगळ्या वायरी जिथे येतात तो मुख्य डबा) कुठलं, कीपॅडला झोनची वेगळी टर्मिनल (तारा लावायच्या जागा) आहेत का, जोडलेली वायर कुठल्या जातीची, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. पण तपासायचा क्रम सगळीकडे जवळपास सारखाच असतो. वायरलेस कीपॅड असता तर मी वेगळंच उत्तर दिलं असतं. तिथे रेंज, कीपॅडची स्वतःची बॅटरी आणि पॅनलमधली नोंदणी एवढंच बघायचं असतं.

हात लावण्याआधी दोन-तीन गोष्टी करा. अलार्म एखाद्या मॉनिटरिंग सेंटरला, म्हणजे दुरून लक्ष ठेवणाऱ्या कंपनीला, जोडलेला असेल तर त्यांना फोन करून सिस्टिम 'टेस्ट'वर टाकायला सांगा. घरच्यांनाही कल्पना द्या, कारण सायरन मध्येच वाजू शकतो. त्याच पॅनलवर धुराचे सेन्सर असतील, तर काम चालू असेपर्यंत तेही बंद राहतील हे लक्षात असू द्या. मग पॅनलच्या ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढा आणि त्यानंतर आतल्या बॅटरीची एक तार काढून बाजूला ठेवा. नुसता प्लग काढून भागत नाही. बॅटरीवर सगळं चालूच राहतं, आणि चालू वायरींवर विजेच्या लाल-काळी तारा एकमेकींना लागल्या की पॅनलचा फ्यूज जातो. पुन्हा चालू करताना आधी बॅटरी जोडायची की आधी प्लग, हे मात्र तुमच्या पॅनलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसंच करा. काही पॅनलमध्ये प्लग नसतो, घरची मुख्य वीज थेट डब्यात आलेली असते. तसं असेल तर तो भाग इलेक्ट्रिशियनकडूनच बंद करून घ्या.

आणि काहीही झालं तरी 'फॅक्टरी रिसेट' करू नका. वैतागून लोक हे करतात आणि मग झोनची नावं, वेळा, कोड, सगळं प्रोग्रॅमिंग पुसलं जातं. तुटलेली वायर रिसेटने जोडली जात नाही; उलट एका बिघाडाचे दहा होतात.

आता कीपॅडकडे वळू. बहुतेक वायरच्या कीपॅडना चार तारा लागतात. लाल आणि काळी विजेसाठी, पिवळी आणि हिरवी पॅनलशी बोलण्यासाठी. तुमचा कीपॅड उजळतोय याचा अर्थ एवढाच की लाल आणि काळी पोचलीय. बोलणं नीट चाललंय की नाही, हे त्यातून कळत नाही. नवी वायर जोडताना रंग बदलले असतील, जुन्यात पिवळी-हिरवी आणि नव्यात निळी-पांढरी, तर पिवळी-हिरवीची अदलाबदल होणं अगदी सहज घडतं. तशी झाली तर कीपॅड उजळतो, पण एकही कळ कधीच चालत नाही. तुमच्या कळा अधूनमधून चालतात, म्हणजे तुमच्याकडे अदलाबदल झालेली नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. हनीवेलच्या व्हिस्टा पॅनलबरोबरच्या कीपॅडवर कधी कधी 'ओपन सर्किट' किंवा नुसतं 'ओसी' असं येतं. ते वाचून लोक दारं-खिडक्या तपासत बसतात. त्याचा दाराशी काहीच संबंध नाही. पॅनलकडून येणारा डेटा कीपॅडपर्यंत पोचत नाहीये, एवढंच तो सांगत असतो. त्यामुळे पडद्यावर नेमकी कुठली अक्षरं येतात ते कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्या.

कीपॅड चांगला आहे की नाही, हे ठरवायला सगळ्यात खात्रीची चाचणी साधीच आहे: कीपॅडच पॅनलजवळ न्या. वीज बंद करून, आधी मोबाइलवर पॅनलच्या टर्मिनलचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. मग लांबच्या वायरी सोडवा आणि हातभर लांबीच्या चार नव्या तारांनी कीपॅड थेट पॅनलला जोडा. वीज चालू करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि कळा दाबून बघा. इथे तो सुरळीत चालला तर कीपॅड आणि पॅनल दोन्ही ठणठणीत आहेत, दोष मधल्या वायरीत आहे. इथेही तीच तक्रार राहिली, तरच नव्या कीपॅडचा विचार करा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यानंतर अंदाजावर काही राहत नाही.

हेच वाचणाऱ्या कुणाचा कीपॅड पूर्ण काळा पडला असेल, तर त्यांनी वायर उकरण्याआधी खोलीतल्या मोशन सेन्सरसमोर हात हलवून बघावा. सेन्सरचा बारीक दिवा लागत असेल तर पॅनलमधून वीज बाहेर येतेय, दोष फक्त कीपॅडच्या वायरीत आहे. सगळेच सेन्सर मेलेले असतील तर काम करताना कुठेतरी शॉर्ट झालं आणि पॅनलचा बाहेर वीज देणारा फ्यूज उडाला, असं समजावं. काही पॅनलमध्ये बदलायचा फ्यूज नसतो. आपोआप तुटणारं आणि शॉर्ट काढून वीज थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा जुळणारं संरक्षण असतं.

आता मुख्य दाराचा झोन. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्यातली एक चूक धोक्याची आहे.

मुख्य दार आणि कीपॅड शेजारी शेजारी असतात. म्हणून अलार्म बसवणारा माणूस दाराच्या चौकटीतल्या मॅग्नेटिक कॉन्टॅक्टसाठी (दार उघडलं की मार्ग तोडणाऱ्या चुंबकी स्विचसाठी) पॅनलपर्यंत वेगळी वायर टाकतोच असं नाही. तो दोनांपैकी एक मार्ग काढतो. कीपॅडसाठी सहा तारांची वायर आणतो, चार कीपॅडला लावतो आणि उरलेल्या दोन त्याच डब्यात दाराच्या तारांना जोडून देतो. किंवा कीपॅडच्या पाठीवर झोनचं टर्मिनल असेल तर दाराच्या तारा सरळ तिथे लावतो. दोन्ही मार्ग बरोबरच आहेत. पण दोन्हींत दाराचा झोन त्या डब्यातून जातो, आणि कीपॅड हलवणाऱ्याला हे माहीत नसतं.

एका घरी मला बोलावलं तेव्हा तिथे दाराचा कॉन्टॅक्ट दोनदा बदलून झाला होता, नवा कीपॅडही बसवला होता, तरी झोन ओपनच. मी जुन्या जागी लावलेली कोरी प्लेट उघडली. आत दोन बारीक पांढऱ्या तारा होत्या, टोकं मागे दुमडून त्यांवर नीट टेप गुंडाळलेला. हलवणाऱ्याने त्या जास्तीच्या समजून प्रामाणिकपणे झाकून ठेवल्या होत्या. आणि डब्याच्या तळाशी, सिमेंटच्या भुकटीत, तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर पडला होता. एक पाय लांब, एक पाय कापलेला. दोन तारा आणि तो दाणा यांपलीकडे त्या घरात बिघाड नव्हता.

या दाण्याला आम्ही एंड ऑफ लाइन रेझिस्टर म्हणतो. पॅनल झोनच्या दोन तारांमधून किंचित करंट सोडून समोर किती ओहम आहेत ते सतत मोजत असतं. दार बंद असताना त्याला रेझिस्टरचा ठरलेला आकडा दिसतो आणि ते समाधानी असतं. दार उघडलं की मार्ग तुटतो आणि आकडा अनंताकडे जातो. कुणी मधेच वायर सोलून दोन तारा एकत्र केल्या तर आकडा शून्याच्या जवळ येतो, आणि तेही पॅनलच्या लक्षात येतं. म्हणून तो रेझिस्टर वायरच्या शेवटच्या टोकाला, दाराजवळ लावायचा असतो. डीएससीच्या पॉवरसिरीज पॅनलमध्ये तो ५.६ किलोओहमचा असतो, हनीवेलच्या व्हिस्टामध्ये २ किलोओहमचा. इतर कंपन्यांचे आकडे आणखी वेगळे, म्हणून दुसऱ्या पॅनलचा उचलून लावू नका. ५.६ किलोओहमवर हिरवा, निळा, लाल असे पट्टे असतात आणि २ किलोओहमवर लाल, काळा, लाल. बहुतेकांच्या शेवटी एक सोनेरी पट्टा असतो. पट्टे बारीक असतात, उजेडात धरून बघा आणि मल्टिमीटरने खात्री करून घ्या.

तुम्ही असं करा. वीज बंद असताना दाराच्या झोनच्या दोन तारा पॅनलमधून सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्यांच्यामध्ये मोजा. दार बंद असताना ५.६ किंवा २ किलोओहमच्या आसपास, म्हणजे तुमच्या पॅनलचा जो आकडा असेल तो, आणि दार उघडताच काहीच नाही, असं आलं तर झोन धडधाकट आहे. दार बंद असूनही काहीच येत नसेल तर मार्ग कुठेतरी तुटलाय, आणि तो बहुधा त्या जुन्या डब्यातच. शून्याजवळ आकडा आला तर रेझिस्टर वगळला गेलाय किंवा वायर चेपली गेलीय.

झोन कीपॅडच्या पाठीवरच्या टर्मिनलला असेल तर हे मोजमाप पॅनलवर होणार नाही, कीपॅडपाशी करावं लागेल. आणि तशा वेळी एक गोष्ट विसरली जाते. कीपॅड आत गेला, पण दाराच्या तारा जुन्या डब्यातच राहिल्या. म्हणजे नव्या जागेपर्यंत चार नव्हे, सहा तारा न्यायला हव्या होत्या. तुम्ही चारच नेल्या असतील तर तुमच्या ओपन झोनचं उत्तर इथेच मिळालं. दुसरा मार्ग असा की जुन्या वायरीत दोन मोकळ्या तारा शिल्लक असतील तर दाराच्या तारा त्यांना जोडून पॅनलवरच्या रिकाम्या झोनवर आणायच्या. त्यासाठी प्रोग्रॅमिंग बदलावं लागतं आणि इन्स्टॉलर कोड, म्हणजे अलार्म बसवणाऱ्याचा कोड, लागतो.

आता ती धोक्याची चूक. झोन बंद होत नाही म्हटल्यावर कुणीतरी सुचवतं की पॅनलच्या टर्मिनललाच रेझिस्टर लावून टाका, किंवा जुन्या डब्यातल्या दोन तारा एकमेकींना पिळून टाका. तपासणीपुरता पॅनलवर रेझिस्टर लावून बघणं योग्यच आहे. त्याने झोन बंद दिसला तर पॅनलमधला तो झोन शाबूत आहे हे कळतं. पण तो तसाच ठेवला तर पॅनलला ते दार कायम बंद दिसतं. अलार्म सुरू होतो, दिवा हिरवा असतो, घरातली माणसं निवांत झोपतात आणि मुख्य दार रात्रभर राखणीशिवाय राहतं. अशी दोन घरं मला स्वतःला सापडलीत. त्या माणसांना हे सांगताना मला फार जड गेलं होतं. कृपा करून असं काही करू नका. झोन ओपन दिसतोय हे निदान खरं तरी आहे.

दुसरी तक्रार, कळा मधूनच न चालण्याची. इथे बहुतेकजण वायर लांब झाली म्हणून विजेचा दाब पडला असेल असं म्हणतील. आकडेमोड करून बघू. अलार्मला सर्रास वापरली जाणारी २२ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तांब्याची तार किलोमीटरला साधारण ५३ ओहम भरते. तुम्ही जोडली १० मीटर. जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे सुमारे १ ओहम. कीपॅडने १०० मिलिॲम्पियर घेतले तरी घट होते ०.१ व्होल्टची. साडेतेरा व्होल्टमधून ही घट कीपॅडच्या लक्षातही येणार नाही. तेव्हा लांबी दोषी नाही.

दोषी बहुधा जोड आहे. दोन तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड पहिल्या दिवशी चालतो. पण जुनं तांबं वरून काळसर पडलेलं असतं, आणि ते घासून चकचकीत न करता पिळलं तर त्या जागी १० ओहम सहज उभे राहतात. म्हणजे १० मीटर तारेच्या दसपट रोध एका पेरभर जोडात. १०० मिलिॲम्पियरला तिथे १ व्होल्ट जातो. शिवाय हा रोध स्थिर नसतो; दार आपटलं, उकाडा वाढला की बदलतो. तुम्ही कळ दाबता, कीपॅडचा बॅकलाइट पेटतो, बझर वाजतो, करंट वाढतो आणि नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं. कीपॅड क्षणभर मरून पुन्हा उठतो. आपल्याला वाटतं कळ चालली नाही. पिवळ्या-हिरव्या तारांवर असाच जोड असेल तर उजेड जात नाही, पण बोलणं तुटतं.

हे बघायला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. आधी पॅनलवर कीपॅडच्या लाल-काळीत मोजा, मग नव्या जागी कीपॅडच्या पाठीवर मोजा. दोन्ही वेळा कीपॅड जोडलेला आणि बॅकलाइट पेटलेला असला पाहिजे. कीपॅड काढून उघड्या तारांवर मोजलंत तर आकडा पूर्ण येईल आणि तुमची फसगत होईल, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडही व्होल्टेज पाडत नाही. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर माझ्या हिशेबाने जोड पुन्हा करायचाच. मग ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढून नुसत्या बॅटरीवर तेच मोजा. वीज असताना पॅनल बॅटरीला साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टवर धरून ठेवतं, त्यात काठावरचा दोष झाकला जातो. बॅटरीवर आलं की एखादा व्होल्ट कमी होतो आणि दोष उघडा पडतो. घरची वीज गेलेली असतानाही अलार्मची गरज असते, म्हणून ही चाचणी टाळू नका.

मल्टिमीटर नसेल तर कीपॅडसमोर कुणाला तरी उभं करा आणि तुम्ही जोडापाशी जाऊन एकेक तार दोन बोटांत धरून हळूच हलवा. ज्या तारेला हात लावताच समोरचा "गेला" म्हणेल, ती तार सापडली.

जोड करताना तार चाकूने सोलली असेल तर तांब्याला खाच पडते आणि भिंतीत वायर दाबून बसवताना ती तिथेच तुटते. बाहेरून इन्शुलेशन अखंड, आत तार दोन तुकडे. हे डोळ्यांना दिसत नाही, फक्त हलवून कळतं. तारेचं टोक घासून बघा. आतून चंदेरी रंग निघाला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असण्याची शक्यता आहे. तिचा रोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो आणि ती दोन-तीनदा वाकवली की तुटते. कथिलाचा मुलामा दिलेलं तांबंही वरून चंदेरीच दिसतं, पण घासल्यावर तांबूस निघतं. इंटरनेटची वायर वापरली असेल तर ती बहुधा २४ गेजची, म्हणजे आणखी बारीक असते. ती चालते, फक्त लाल आणि काळीसाठी दोन-दोन तारा एकत्र घ्याव्यात.

जोड पुन्हा करायचा तर तारा घासून सोल्डर करा आणि प्रत्येक तारेवर वेगळी, गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी चढवा. सोल्डर जमत नसेल तर आत जेल भरलेले, पक्कडीने दाबायचे छोटे कनेक्टर मिळतात. तेही उत्तम, त्यांत तार सोलावीही लागत नाही. चारही जोड एकाच जागी करू नका, एकेक बोटाच्या अंतराने पुढे-मागे करा, म्हणजे एक नळी सरकली तरी शेजारच्या तारेला लागणार नाही. आणि जोड उघडता येईल अशा डब्यात ठेवा, प्लास्टरखाली पुरू नका.

वायर भिंतीवरून पिना ठोकून नेली असेल तर प्रत्येक पीन बघा. पिनेचा पाय वायरीतून आरपार गेला की दोन तारा अर्धवट शॉर्ट होतात, आणि असा दोष शोधायला मला एकदा अख्खी दुपार लागली होती. घरच्या विजेच्या वायरीला चिकटून, त्याच पट्टीतून ही वायर नेली असेल तर तीही हातभर दूर घ्या. पंख्याचं किंवा पंपाचं बटण दाबल्यावर कीपॅड अडखळत असेल तर कारण तेच. घरात दुसरा कीपॅडही असेल तर दोघांचा ॲड्रेस (पॅनल कीपॅडला ज्याने ओळखतं तो क्रमांक) एकच झाला नाही ना, तेवढं बघा.

बीपचं काम त्या मानाने लहान आहे. बीप म्हणजे कीपॅड 'ट्रबल' सांगतोय. काय ट्रबल आहे ते पडद्यावर किंवा आकड्याने दाखवतो, आणि मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ असतो. हलवल्यानंतरच्या बीपची तीन कारणं मला सतत भेटतात. पॅनल पूर्ण बंद केलं की बऱ्याच मॉडेलमध्ये घड्याळ पुसलं जातं. तारीख-वेळ पुन्हा घातली की बीप थांबते. दुसरं कारण बॅटरी. पॅनलमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ ॲम्पियर-अवरची सीलबंद बॅटरी असते आणि ती तीन ते पाच वर्षं टिकते. म्हातारी बॅटरी वीज असेपर्यंत निभावून नेते. तुम्ही काम करताना ती तास-दोन तास एकटी चालली, रिकामी झाली आणि पुन्हा चार्ज होईना. दोष कीपॅड हलवण्याचा नाही, पण दिसला त्याच दिवशी. तिच्यावर बसवल्याची तारीख लिहिलेली असेल तर बघा. नवी घातलीत तर पूर्ण चार्ज व्हायला एक दिवस द्या.

तिसरं कारण टॅम्पर. कीपॅडच्या पाठीत एक लहानशी स्प्रिंग किंवा प्लास्टिकचा खटका असतो, तो भिंतीला टेकून दाबलेला राहतो. कीपॅड कुणी उपटला की तो सुटतो आणि पॅनलला कळतं. नव्या जागी प्लास्टर जरासं खोलगट असेल, किंवा जास्तीची वायर मागे कोंबून कीपॅड एका बाजूने दोन मिलिमीटर उचललेला असेल, तर खटका पुरता दाबला जात नाही. कीपॅडच्या चारही कोपऱ्यांवर अंगठ्याने दाब देऊन बघा. दाबल्यावर ट्रबल जात असेल तर वायर डब्यात आत ढकला आणि खटक्याच्या जागी मागे प्लास्टिकची पातळ चकती चिकटवा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं दुरुस्त झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती समोर येईल. आधी दार उघडलं की हाताशी कीपॅड होता. आता तो आत आहे. दार उघडल्यापासून कोड टाकेपर्यंत पॅनल जो वेळ देतं, तो जुन्या अंतरासाठी ठरवलेला आहे. आणि नव्या कीपॅडकडे जाताना वाटेत एखादा मोशन सेन्सर लागत असेल आणि त्याचा झोन 'इन्स्टंट', म्हणजे लगेच वाजणाऱ्या प्रकारचा असेल, तर तुम्ही कीपॅडपर्यंत पोचण्याआधीच सायरन वाजेल. त्या सेन्सरचा झोन 'फॉलोअर' प्रकारचा करून घ्या. मग दार आधी उघडलं असेल तर तो थांबतो, आणि खिडकीतून कुणी आलं तर तात्काळ वाजवतो. वेळ किती ठेवायचा ते चालून ठरवा. हातात सामान धरून, घरातलं सगळ्यात सावकाश चालणारं माणूस दारापासून कीपॅडपर्यंत किती सेकंदांत पोचतं ते मोजा आणि त्यात १० सेकंद मिळवा. ३० ते ४५ सेकंदांत बहुतेक घरांचं भागतं. त्याहून फार वाढवू नका, तेवढाच वेळ चोरालाही मिळतो.

हे प्रोग्रॅमिंग इन्स्टॉलर कोडशिवाय होत नाही. कोड तुमच्याकडे नसेल तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका, काही पॅनल चुकीच्या प्रयत्नांनंतर लॉक होतात. ज्यांनी सिस्टिम बसवली त्यांच्याकडून एवढंच काम करून घ्या. वायरीचं काम तुम्ही आधीच निस्तरलेलं असेल तर त्यांना फार वेळ लागणार नाही.

सगळं जागच्या जागी बसलं की 'वॉक टेस्ट' लावा आणि प्रत्येक दार, खिडकी, सेन्सर एकेक करून उघडून किंवा समोरून चालून बघा. कीपॅडवर तोच झोन उमटतोय ना, हे दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा. मुख्य दार तीनदा उघडा. मग एका कागदावर लिहा: नव्या वायरीतला कुठला रंग जुन्या कुठल्या रंगाला जोडलाय, रेझिस्टर किती किलोओहमचा आणि कुठे बसवलाय, जोड कुठल्या डब्यात आहे, बॅटरी कधी घातली. तो कागद पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी ते झाकण उघडणारा बहुधा तुम्ही नसाल.